पांढरीची भिंत



उन्हाळ कांद्याची रोपं टाकून झालीत, लाल कांदा अजून पोसतोय, दोन दिवस हात मोकळा आहे म्हणून आज जरा लांबलचक लिहितो. मागच्या महिन्यात तिघा-चौघांनी एकच व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा फार्महाऊसची भिंत आहे. लाकडी फळ्यांचा साचा लावलाय, त्यात ओलसर माती टाकतात आणि धुमसानं ठोकतात. फळ्या काढल्या की आत खडकासारखी थराथराची भिंत उभी. त्याला रॅम्ड अर्थ म्हणतात. प्रश्न सगळ्यांचा एकच, दादा, आपल्या लासलगावच्या मातीत असं घर होईल का? सिमेंट, वीट, सळईचे भाव बघता प्रश्न रास्त आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. आपल्या काळीत होणार नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी काळीची भिंत कधी घातली नाही. घरं मातीचीच होती, पण माती वेगळी. ती कुठून यायची, कशी लागायची आणि पुढं कुठं गेली हे सांगायचंय. मग ज्याला बांधायचं त्यानं ठरवावं.

लासलगाव, विंचूर, निफाड, खाली नांदूर मधमेश्वरपर्यंतची काळी आपण सगळे ओळखतो. वैशाखात तिला भेगा पडतात त्यात विळ्याची मूठ आत जाते, आणि आषाढात तीच भेग शोधून सापडत नाही. अशा भारी जमिनीत चिकणमाती ४० ते ६० टक्के सहज असते, आणि तीही मॉन्टमोरिलोनाइट जातीची. वहीच्या पानांसारखे तिचे बारीक पापुद्रे असतात. पाणी मिळालं की ते पानापानांत शिरतं, माती फुगते. पाणी गेलं की आखडते. पिकाला हा गुण सोन्यासारखा, ओल धरून ठेवते. भिंतीला मात्र हाच गुण मारक. काळीचा डोक्याएवढा गोळा करून उन्हात ठेवून बघा, चार दिवसांत त्याला आरपार चिरा जातात.

म्हणून जुन्या लोकांनी गावाची जमीन दोन नावांत वाटली होती. पिकवायची ती काळी, राहायची ती पांढरी. हा नुसता रंगाचा फरक नाही, महसुलाच्या कागदातली भाषा आहे ती. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गांव-गाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघालं, गावाचा कारभार समजून घ्यायचा तर आजही तेच वाचावं लागतं. त्यात काळी-पांढरी भेटते. वतनदाराचा हक्क सांगताना काळीतला किती आणि पांढरीतला किती असा हिशेब असायचा.

गावठाण बहुतेक उंच, मुरमाड, पिकाला निकामी अशा जागेवर बसवलेलं असायचं. एक तर काळी वाया जाऊ नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे पाया लगेच मुरमाला टेकावा म्हणून. आज आपण मळ्यात वस्ती करून राहतो, ऐन काळीत घर बांधतो, आणि सिमेंटच्या भिंतीला दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली की गवंड्याला शिव्या देतो. गवंडी दर वेळी चुकलेला असतोच असं नाही. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर काळी सिमेंटलाही सोडत नाही.

आता ही पांढरी पांढरी झाली कशानं? काही ठिकाणी नदीकाठची फिक्या रंगाची गाळमाती मुळातच असते. पण बऱ्याच गावांत ती माणसानं केलेली आहे. शेकडो वर्षं एकाच जागेवर चुली पेटल्या, त्यांची राख तिथंच पडली. शेण, काडीकचरा, चुनखडी, हाडं, फुटकी खापरं, पडलेल्या भिंती, गळालेली धाबी, सगळं एकावर एक साचलं. घर पडलं की माती पसरून त्यावरच नवं घर. असं करत गाव हळूहळू वर चढत गेलं. तुमच्या गावठाणात शिरताना चढ लागत असेल तर तो सगळा चढ निसर्गाचाच असेल असं धरू नका.

पुराणवस्तूवाले याच टेकाडांच्या मागे असतात. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी नाशकात गोदेकाठच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी खणलं. नाशिकची ती गढी म्हणजे कुणा एका राजानं एका वेळी बांधलेला किल्ला नव्हे. वर अलीकडचे थर, त्याखाली सातवाहनांच्या काळातले, आणि अगदी तळाशी तांब्याची हत्यारं आणि गारगोटीची पाती वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे. जोर्व्याची रंगीत खापरं इतकी वेगळी निघाली की पुढं त्या सगळ्या काळालाच जोर्वे संस्कृती असं नाव पडलं. आपल्याच मुलखातलं एक खेडं, पण जगभरच्या पुस्तकांत गेलं.

या शेतकऱ्यांची घरं कशी होती हे सगळ्यात नीट कळलं ते इनामगावला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खोदाई चालली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं गाव. शंभरावर घरांचे तळ उघडे झाले. चांगल्या दिवसांतली घरं लांबट चौकोनी, खाली बुटकी मातीची भिंत, तिच्यात खांब रोवलेले, वर कूड आणि लिंपण, माथ्यावर गवताचं छप्पर. जमीन माती चोपून केलेली. एक घर पाच खोल्यांचं निघालं, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार, म्हणजे तो गावचा पाटील असावा असं त्यांनी मांडलं. सातू हे मोठं पीक. नदीचं पाणी वळवायला बांध आणि चारीसुद्धा होती. पुढं दिवस फिरले, पाऊसमान घटलं असं अभ्यासक म्हणतात, आणि शेवटच्या काळात मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. दुष्काळ घराच्या आकारात दिसतो तो असा.

मला यात कामाची वाटते ती एक गोष्ट. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या माणसानं माती चोपली ती पायाखालची. भिंत चोपली नाही. भिंतीला त्यानं कूड आणि लिंपण केलं, आणि नंतरच्या लोकांनी चिखल. धुमसाची भिंत आपल्या चालीत बसलीच नाही.

आपल्याकडची पांढरीची भिंत कशी व्हायची ते आता साठीच्या पुढच्या माणसांनाच माहीत असेल, म्हणून नीट लिहून ठेवतो. आधी दगडाचं जोतं, गुडघ्याएवढं तरी. हे जोतं शोभेला नाही. जमिनीची ओल वर चढली की भिंतीला लोणा लागतो, खार फुटतो, आणि खालचा हातभर भाग पिठासारखा गळायला लागतो. उंदीर, घुशीही तिथूनच शिरतात. जोत्यावर माती. गावठाणाच्या कडेच्या खाणीतून पांढरी आणायची, खडे-खापरं मोठी असली तर काढायची, आळं करून पाणी सोडायचं, गव्हाचं काड नाहीतर भुसा टाकायचा आणि तुडवायचं. माणसं तुडवायची, नाहीतर बैल फिरवायचे. मग तसंच चार-सहा दिवस मुरू द्यायचं, मधून पाणी मारायचं. काड थोडं कुजलं, चिखल लोण्यासारखा झाला, वास आला, की तो तयार.

मग दोन रीती. एक म्हणजे चिखलाचे गोळे एकावर एक आपटून हातभर उंचीचा थर घालायचा, तो आठ-दहा दिवस वाळू द्यायचा, बाजू तासून सरळ करायच्या, मग पुढचा थर. एका वेळी जास्त घातला तर खालचा फुगून बाहेर येतो. दुसरी रीत भेंड्यांची. भेंडा म्हणजे न भाजलेली मोठी कच्ची वीट, लाकडी साच्यात पाडून उन्हात वाळवलेली. भेंड्याची भिंत लवकर चढते आणि सरळ येते. दोन्ही रीतींत भिंतीची जाडी दीड-दोन हात. त्यामुळं भिंतीतच कोनाडे, देवळ्या, फडताळं निघायची. दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर बाहेर गार झालेलं असायचं.

आता यातली खरी गोम ऐका. बऱ्याच जुन्या घरांत धाब्याचा भार भिंतीवर नसायचाच, तो लाकडावर असायचा. खांब, त्यावर तुळया, त्यावर किलच्या, मग पालापाचोळा, आणि वर खाऱ्या मातीचा थर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर, सात खणांचं घर, असं खणावर घर मोजलं जायचं, चौरस फुटावर नाही. भिंत म्हणजे थंडी, ऊन आणि चोर अडवणारा जाड पडदा. खांब बाभळीचा असेल, निंबाचा असेल, श्रीमंताचा सागवानी. एखादी भिंत पावसात ढासळली तरी घर उभं राहायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच मातीत पाणी ओतून तीच भिंत परत घालायची. माती विकत आणायची नाही, टाकायचीही नाही.

दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर चढून खारी माती टाकायची, पन्हाळी मोकळी करायची. बायांनी भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. घराचं आयुष्य या कामावर होतं. दोन पावसाळे कुणी हात लावला नाही की घर गेलं. मातीच्या घराला कमी खर्च लागतो असं म्हणणारे हे सांगत नाहीत की त्याला दर वर्षी माणूस लागतो, आणि ते काम मुख्यतः बायांच्या अंगावर होतं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना स्लॅबचं घर झालं तेव्हा आनंद झाला होता, तो खोटा नव्हता.

पांढरीत पेवंही असायची. आजच्या पोरांना पेव हा शब्द फक्त ‘पेव फुटलं’ या म्हणण्यात माहीत आहे. जमिनीत खोल हंड्यासारखा खड्डा, तोंड निमुळतं, आत काड लावून धान्य भरायचं आणि वरून माती लिंपून बंद. ओल न धरणारी, न फुगणारी जमीन लागते त्याला. काळीत पेव धरत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा मारते, हेही जुन्यांना माहीत होतं.

मग जगात धुमसाची भिंत कुणी केली? चीनच्या मोठ्या भिंतीचा पश्चिमेकडचा, गान्सू भागातला तुकडा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, तो दगडाचा नाही, ठोकलेल्या माती-वाळूचा आहे, मधे मधे वेत आणि झुडपांचे थर. स्पेनमधल्या अल्हम्ब्रा किल्ल्याच्या भिंती तशाच. आपल्या देशात लडाख, स्पिती आणि शेजारी भूतानमध्ये ही रीत अजून चालते. फ्रान्समध्ये लियोंच्या बाजूला शेतकऱ्यांची घरं पिढ्यान् पिढ्या अशी होत होती. तिथल्या फ्रांस्वा क्वांतरो नावाच्या गवंड्यानं १७९०-९१ साली त्यावर पुस्तिका काढल्या, त्यांची भाषांतरं युरोपभर झाली. त्याचा मुद्दा साधा होता. गवताच्या छपराची आणि लाकडाची खेडी आगीत जातात, आणि माती प्रत्येक शेतकऱ्याच्या पायाखाली फुकट आहे.

फुकट आहे खरी, पण कोणती? या सगळ्या मुलखांत मातीत खडी, वाळू भरपूर आणि चिकण बेताची. धुमसाच्या भिंतीला चिकण साधारण १५ ते ३० टक्के पुरते, बाकी वाळू, बारीक खडी आणि गाळ. आणि ओल किती? ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. माती वाफशावर हवी, किंबहुना वाफशाच्या थोडी अलीकडं. मुठीत दाबली तर लाडू व्हावा, हाताला चिकटू नये, छातीच्या उंचीवरून खाली सोडला तर चार-पाच तुकड्यांत फुटावा. चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. साच्यात पाच-सहा इंच सैल माती टाकायची आणि धुमसानं ठोकत राहायची, चार इंचांच्या आत येईपर्यंत. ढप ढप असा मऊ आवाज येतो तो टणक व्हायला लागला की थर बसला. यात काड नको, तुडवणं नको, वाळायची वाट बघणं नको. फळ्या लगेच काढून पुढं सरकवायच्या. आपली रीत चिखलाची, ती रीत वाफशाची, हा सगळा फरक.

भारतात सरकारी कामातही हे झालेलं आहे. फाळणीनंतर १९४८ च्या सुमारास हरियानात कर्नालला निर्वासितांसाठी मातीत थोडं सिमेंट मिसळून, धुमसून हजारो घरं उभी केली. पुढं त्याचं भारतीय मानकही झालं, क्रमांक २११०. म्हणजे ही हौशी लोकांची नवी टूम नाही. आणि वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला गेले तेव्हा घर गावच्याच सामानाचं हवं आणि खर्च शंभर रुपयांच्या आत हवा अशी त्यांची अट होती. खर्च काही शंभरात बसला नाही, पण मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर आजही तिथं बघायला मिळतं. वर्ध्याची जमीनही आपल्यासारखी काळीच. दर वर्षी निगा राखली जाते म्हणून ते उभं आहे, हे लक्षात ठेवा.

आपल्या पांढरीचं पुढं काय झालं? शेतकऱ्यानं ती खाल्ली, असं म्हणायला हरकत नाही. राख, हाडं, शेण-मूत शेकडो वर्षं मुरलेली माती म्हणजे स्फुरद, पालाश आणि नत्राचं गोदामच. पुराणवस्तूवाले जुनी वस्ती कुठं होती हे शोधायला मातीतलं स्फुरद तपासतात, इतकं ते टिकून राहतं. रासायनिक खताच्या गोण्या यायच्या आधीपासून लोक पडक्या गढीची, ओसाड गावठाणाची माती बैलगाडीनं रानात टाकत होते. हलक्या, मुरमाड रानात तिचा फरक डोळ्यांना दिसायचा. क्षार जास्त असले तर भारी रानात चोपणही करायची, म्हणून शहाणी माणसं हात राखून टाकायची. गोदा, प्रवरा, गिरणेच्या काठची किती टेकाडं अशी गाडी गाडीनं गेली याचा हिशेब नाही.

बैलगाडीनं एक टेकाड संपायला तीन पिढ्या लागायच्या. जेसीबी आणि डंपरला तीन दिवस लागतात. घराची भिंत, रानाचं खत, परत घराची भिंत हा फेरा बैलगाडीच्या चालीला धरून होता, डंपरच्या नाही. शिवाय गावठाणाची नाहीतर गढीची माती ही कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. गौण खनिजाची परवानगी लागते, आणि जागा संरक्षित असली तर हातच लावता येत नाही. आजोबांच्या वेळच्या घराची भिंत पाडली तेव्हा आम्हाला मातीत खापराचे तुकडे, कोळसा, काचेच्या बांगडीची टिकली असं काय काय सापडलं. ते आजोबांचं नव्हतं. त्यांनी जिथून माती आणली, तिथं त्यांच्याही आधी राहून गेलेल्या माणसांचं होतं.

आता ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचं नाव घेतल्याशिवाय मातीच्या घराची गोष्ट पुरी होत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं घरात झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. तेव्हापासून माती म्हणजे मरण असं लोकांच्या मनात बसलं. मराठवाड्यात कित्येकांनी धाबी काढून पत्रे टाकले, आणि ती भीती आपल्या नाशिक जिल्ह्यापर्यंत आली. मी स्वतः ती भीती वायफळ म्हणणार नाही.

पण मारलं कशानं ते इंजिनियर लोकांनी तपासून सांगितलंय. तिथल्या भिंती बहुतेक दगडाच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे बारीक दगड-माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तसे दोन्ही पदर फुगून सुटले. वर धाब्यावर दर वर्षी माती टाकत टाकत थर फूट-दीड फूट, कुठं त्याहून जाड झालेला. ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथं भिंती बाहेर पडल्या तरी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे जुनी रीत जिथं पूर्ण पाळली तिथं ती थोडीफार तरली. लाकूड महागलं, सांगाडा कच्चा झाला, भार भिंतीवर आला आणि धाबं मात्र जाड होत गेलं, तिथं घात झाला. योगायोग असा की त्याच १९९३ साली मातीच्या घरांना भूकंपात कसं टिकवायचं याचं भारतीय मानक निघालं, क्रमांक १३८२७. हलकं छप्पर, लहान दारं-खिडक्या, भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी लाकडाचा नाहीतर बांबूचा सलग पट्टा, असं त्यात सांगितलंय. खेड्यातल्या किती गवंड्यांपर्यंत ते पोचलं, तुम्हीच सांगा.

आपल्याकडं मातीचं घर भूकंपानं नाही, हळूहळू गेलं. १८६० च्या दशकात रेल्वे आली, मनमाड-नाशिक लाईन लासलगावावरून गेली. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला होता. ती मंगळुरी कौलं आणि नंतर लोखंडी पत्रा असं हलकं छप्पर लांबून येऊ शकलं ते याच वाहतुकीनं. छप्पर हलकं झालं, भिंत तीच राहिली. बरीच वर्षं असं मधलं घर चाललं, खाली पांढरी आणि वर पत्रा, आणि माझ्या मते ते वाईट नव्हतं. १९४७ साली लासलगाव बाजार समिती झाली, पुढं विहिरींवर मोटारी आल्या, कांद्याचा पैसा आला, माणसं गावठाण सोडून मळ्यात गेली. मळ्यात पांढरी कुठली? तिथं वीट आणि सिमेंटच आलं. गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीसारख्या गावांत पुरानं उरलीसुरली मातीची भिंत पाण्यात बसवली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंच.

आणि शेवटचा धक्का कागदानं दिला. मातीची भिंत म्हणजे कच्चं घर, असं सरकारी मोजणीत धरतात. २०१६ पासून जी घरकुल योजना चालू आहे तिच्यात सपाटीच्या भागाला १ लाख २० हजार रुपये मिळत आले, ते पक्क्या घराला. ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्यानं ते का घेऊ नये? घ्यावंच. माझी तक्रार एवढीच की दोन हात जाडीची, शंभर वर्षं उभी असलेली भिंत आणि ताडपत्रीचं खोपटं, दोघांना एकाच ‘कच्चं’ या शब्दात बसवलं. त्यामुळं ती भिंत दुरुस्त करायला कुणी एक रुपया देत नाही, पाडायला मात्र देतं.

ज्यांना खरंच बांधायचंय त्यांच्यासाठी. काळीवर पाया असेल तर आधी ती उपसून मुरमापर्यंत जा, नाहीतर पुढचं सगळं वाया. भिंतीला मुरूम चाळून घ्या. आपला मुरूम नुसता भुसभुशीत असतो, त्याला बांधणारी चिकण कमी, म्हणून त्यात पोयट्याची नाहीतर लाल माती मिसळावी लागते. काळी मिसळायचा मोह टाळा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा. खाली वाळू, मधे गाळ, वर चिकण असे थर पडतात, पट्टीनं मोजा, अंदाज येतो. पावसाची झड लागणाऱ्या बाजूला साधारण ५ ते १० टक्के सिमेंट मिसळायची पद्धत आहे. चिकण जास्त असली तर सिमेंटपेक्षा चुना बरा. छपराच्या वळचणी दोन फूट तरी बाहेर हव्यात. आधी घर नको, गोठ्याची नाहीतर अवजारांच्या खोलीची एक भिंत करा, तिला दोन पावसाळे काढू द्या. कांदा चाळीला मात्र ही भिंत अजिबात नको, चाळीला चारी बाजूंनी वारा लागतो.

आणि ज्यांचं जुनं घर पाडायचं ठरलंय त्यांना एक विनंती. जेसीबी येण्याआधी अर्धा दिवस काढा. भिंतीची जाडी टेपनं मोजा, खण किती ते मोजा, खांब कोणत्या लाकडाचे ते बघा, कोनाड्यांचे फोटो काढा. घरात कुणी ऐंशीच्या घरातलं असेल तर माती कोणत्या टेकाडावरून आणली होती ते विचारा, उत्तर देणारी माणसं आता थोडीच उरलीत. माती रानात टाकणार असाल तर आधी तपासायला द्या, क्षार जास्त निघाले तर मुरमाड तुकड्यातच टाका, भारी काळीत नको.

आमच्याकडं कच्च्या विटेला भेंडा म्हणतात, छपराला धाबं, आणि तिकडं मराठवाड्यात माळवद. तुमच्या गावात थराच्या भिंतीला, तुडवलेल्या चिखलाला, वरच्या खाऱ्या मातीला काय शब्द होते ते लिहा, गावाच्या नावासकट. एकत्र करून ठेवतो. पुढच्या वेळी रोपांच्या मरीवर लिहायचंय, बरेच फोन आलेत.